वरच्या विहिरीचं लाल पाणी

रंगाच्या कारखान्यानं आमच्या गावाला फसवलं, आणि मी गफूरचाचाला फसवलं. पहिली गोष्ट मी इतके दिवस भेटेल त्याला ओरडून सांगत होतो. दुसरी पुण्याला जाऊन आल्यावर सांगावी लागते आहे. हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचं कोर्ट, ज्यांनी पाहिलेलं नाही, आणि पाहायची वेळ ज्यांच्यावर येऊ नये, त्यांच्यासाठी हा प्रवास लिहितो.

आमचं गाव पाचोडच्या अलीकडं. मी आता छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि जुने ट्रॅक्टर घेण्या-विकण्याचा धंदा करतो. शाळा सातवीत सुटली. पुढचं शिकलो ते पाचोडच्या बैलबाजारात. तिथं दोन माणसांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. मला ते बोटांचं काम लवकर जमलं. त्यातून एक सवय लागली ती अजून आहे: वाजवी हवं असेल तर दुप्पट मागायचं, समोरचा निम्मं कापणारच. सायकल या सवयीनं घेतली, घर या सवयीनं बांधलं, पोरीचं कॉलेजही याच सवयीनं पार पाडलं.

गावाकडं माझ्या दोन विहिरी आहेत. खालची नाल्याला लागून आहे आणि वरची चढावर, खडकात. खालच्या विहिरीच्या बांधापलीकडं गफूरचाचाची विहीर आणि मोसंबीची बाग. कारखाना आला तेव्हा जनसुनावणी झाली होती. मांडव घातला, सगळ्यांना चिवडा-लाडू वाटले, आणि एका गुळगुळीत साहेबानं सांगितलं की सगळं पाणी शुद्ध करून आतल्या आत वापरणार. नंतर झुडपांमधून एक पाइप नाल्यात उतरला. आधी नाला लाल झाला, मग चाचाची विहीर, मग माझी खालची. चाचाच्या मोसंबीची पानं कडेनं जळायला लागली आणि झाडावरच फळ सुकायला लागलं.

आम्ही लवादात अर्ज केला. पाहणीसाठी लवादाची समिती येणार असं कळलं, आणि माझ्या डोक्यात बैलबाजार सुरू झाला. दोनच विहिरी दाखवल्या तर हे साहेब एक कापतील. तीन दाखवल्या तर दोन तरी राहतील. समिती येण्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी गाव आडवं झालेलं असताना, मी खालच्या विहिरीचं लाल पाणी डिझेलच्या कॅनांमधून जीपमध्ये भरलं आणि वरच्या विहिरीत नेऊन ओतलं. समिती गेली की मोटर लावून उपसून टाकू, असा हिशोब होता. वरच्या विहिरीचं पाणी कुणी वापरत नाही, अशी माझी समजूत होती. गावात राहत नसलेल्या माणसाची समजूत.

हर्सूल ते कायगाव

गफूरचाचा आदल्या संध्याकाळीच हर्सूलला लेकीकडं येऊन थांबले होते. सकाळी जीप घेऊन गेलो तेव्हा ते तलावाच्या बाजूला तोंड करून ओट्यावर बसले होते. नवी टोपी, इस्त्रीचा पायजमा आणि हातात कापडी पिशवी. लेकीनं रात्रीचा मटणाचा खलिया आणि नान बांधून दिलं होतं.

"बबन, ते साहेब उर्दू समजतात का रे?"

"इंग्रजी बोलतात, चाचा."

"मंग आपण कायकू चाललो? मेरेकू तो मराठीच धड येत नाय."

माझ्याजवळ पाण्याच्या बाटलीत खालच्या विहिरीचं लाल पाणी होतं. आमची केस लढणाऱ्या वकील मॅडमनी नको म्हटलं होतं, नमुने समितीनं घेतलेत, तेच धरतात. पण माल न दाखवता सौदा करायचा, हे माझ्यानं होत नाही. वाटेत चहाला थांबलो, तर हॉटेलवाल्यानं टेबलावरची बाटली पाहिली आणि म्हणाला, "सरबत बाहेरचं चालत नाही इथं." चाचा म्हणाले, "पी ना तू, आमच्या गावचं आहे. कारखानावाले फुकट देतात." हॉटेलवाला बाटलीकडं आणि आमच्याकडं पाहून आत गेला. चाचा लहान पोरासारखे हसत होते. इतकं हसलेले मी त्यांना बऱ्याच दिवसांनी पाहिले.

कायगावच्या पुलावर मी जीप बाजूला घेतली. गोदावरी इथं नदीसारखी दिसत नाही, धरणाच्या फुगवट्यानं समुद्रासारखी पसरते. बगळे उथळ पाण्यात उभे होते. चाचा कठड्याला हात टेकून बराच वेळ पाहत राहिले.

"एवढं पाणी," ते म्हणाले. "आणि आमची नसीम डोक्यावर घागर घेऊन टँकरमागं पळती."

नसीम म्हणजे त्यांची सून.

मी म्हटलं, "टँकर कशाला? मला वाटलं, प्यायचं पाणी तुमच्या घरी कुठून तरी हाय."

"होतं. तुझ्या वरच्या हिरीचं. खालची लाल झाली तवापासून आमी तिथलंच पीत होतो. तुला सांगायचं राहिलं, तू तर गावाकडं येतच नाय. म्हटलं बबन काय नाय म्हणायचा." ते पाण्याकडंच पाहत होते. "मंग समिती यायच्या दिवशी सकाळी नसीम गेली तर वरची पण लाल. बसून रडली पोरगी. खडकातून वर कसं चढलं असंल रे ते पाणी?"

मी चिडलो. गुन्हा आपला असला की मला आधी राग येतो. "बसा चाचा, उशीर होतोय," असं ओरडलो आणि जीप सुरू केली. पुढं नगर कधी आलं, काय दिसलं, मला आठवत नाही.

पुण्यातली संध्याकाळ

लॉजवाल्याशी मी भांडलो. गरम पाणी सकाळी एका ठरावीक वेळेलाच येतं म्हणाला. आमच्याकडं पाहुण्याला बंब पेटवून देतात, इथं पैसे घेऊन वेळ सांगतात. आणखीही बोललो. चाचा मधे पडले, "छोडो भाई, इसका दिमाग सुबह से गरम है, उसी पे नहा लेंगे." लॉजवाला हसला. मला हसू आलं नाही.

वकील मॅडम मूळच्या बीडच्या. वयानं माझ्या पोरीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्या आम्हाला एका खानावळीत घेऊन गेल्या. तिथं आमच्याच बाकावर एक कोळीणबाई होत्या, रायगडकडच्या, त्यांच्या खाडीत कुणी भराव टाकला म्हणून आलेल्या. पुण्याची आमटी गोड निघाली. चाचांनी पहिला घास घेऊन विचारलं, "हे दाल आहे का खीर?" कोळीणबाईंनी लगेच पदराखालचा डबा उघडला, त्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. "घ्या चाचा, तोंडाला चव येईल." चाचांनी सुकट चिमटीत धरून उजेडात पाहिली. "हे डोळे आहेत का याला?" "असतील तर काय, तो तुमच्याकडं बघत नाय!" असं म्हणून बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की मालकानं मान वर केली. चाचांनी आपला खलिया पुढं केला. तो बाईंना इतका आवडला की त्यांनी बोटं चाटली.

जेवताना मी मॅडमना विचारलं, हा कायदा इंग्रजांनी करून ठेवला का?

"इंग्रजांना जंगलातलं लाकूड हवं होतं," त्या म्हणाल्या, "त्यांचे कायदे बरेचसे त्यासाठी. सार्वजनिक पाणी घाण केलं तर किरकोळ दंड, असं एक कलम होतं फौजदारी कायद्यात. बस. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं तेवढंच. मग चौऱ्याहत्तर साली पाण्याचा कायदा झाला, प्रदूषण पाहणारी मंडळं आली. पुढं हवेचा झाला. पण खरा हादरा भोपाळचा. तिथं वायू सुटून माणसं मेली आणि कळलं की आपल्याकडं धड कायदाच नाही. त्यानंतर पर्यावरणाचा मोठा कायदा आला. मग सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धोक्याचा धंदा करणाऱ्यानं माझी चूक नव्हती असं म्हणायचंच नाही. नुकसान झालं तर भरायचं."

"आणि हिरींचं?" चाचांनी विचारलं.

"राजस्थानात एक खेडं आहे. तिथल्या विहिरी अशाच रसायनाच्या कारखान्यांनी खराब केल्या. त्या खटल्यात न्यायालयानं ठणकावलं की ज्यानं घाण केली त्यानं भरायचं, आणि साफही करायचं. हरित लवाद त्याच्या बऱ्याच नंतरचा. तिथं एक न्यायाधीश आणि एक शास्त्रज्ञ शेजारी बसतात, कारण पाण्याची भाषा नुसत्या वकिलांना कळत नाही."

"साफ झाल्या का त्या हिरी?"

मॅडमनी ताटात पाहिलं. "निकाल लवकर लागला असं नाही. आणि निकालानंतरही वर्षानुवर्षं गेली."

चाचा म्हणाले, "म्हंजे प्रत्येक कायद्याआधी कुणीतरी मरायला पाहिजे."

कोळीणबाईंचं हसू थांबलं.

मला वेगळंच टोचत होतं. मी म्हटलं, "मॅडम, या सगळ्यात घासाघीस कुठं बसते? आपण किती मागायचं, ते किती कापणार?"

"नाही बसत, बबनराव. जे झालं तेवढंच सांगायचं. जास्त सांगितलेलं उघडं पडलं तर खरंही कुणी ऐकत नाही. तक्रार घेऊन येणाऱ्याचे हात आधी तपासतात." मग त्या म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. समितीचा अहवाल उद्या सकाळी हातात येईल. तुमची वरची विहीर नाल्याच्या वर आहे ना? तिथं लाल पाणी कसं गेलं?"

चाचा हात धुवायला उठले होते. बाकावर मी, मॅडम आणि डबा बांधणाऱ्या कोळीणबाई. सांगायला यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती. मी आवाज चढवला. "खडक फुटलेला आहे तिथला. आतून पाझरतं. तुम्ही बीडच्या असून जमीन कळत नाही का तुम्हाला?" हात पुसत आलेल्या चाचांना मॅडमनी विचारलं, "चाचा, बडीशेप घेणार?"

त्या बडीशेपेच्या बशीची मला आजही लाज वाटते.

लवाद

फाटकावर सुरक्षारक्षकानं बाटली अडवली. पाणी असेल तर एक घोट पिऊन दाखवा, असा तिथला नियम. मी म्हटलं, हे पिता येत नाही म्हणून तर आलोय. तो म्हणाला, मग आत नेता येत नाही. मी भांडायला लागलो, आमच्या गावात बायकापोरं याच पाण्याशेजारी राहतात, तुला एक बाटली जड झाली का? त्यानं बाटली शांतपणे घेऊन टेबलाखाली ठेवली. त्याचंही बरोबर होतं. त्या दिवसापर्यंत मी कुणाचं बरोबर आहे असं मनातही म्हणत नव्हतो.

आतली खोली कोर्टापेक्षा बँकेसारखी. उंचावर दोन साहेब. मॅडमनी कुजबुजून सांगितलं, डावीकडचे न्यायाधीश, उजवीकडचे शास्त्रज्ञ. आमच्याआधी कोळीणबाईंचं प्रकरण पुकारलं गेलं, त्यांना पुढची तारीख मिळाली. जाताना त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला.

आमचा नंबर आला. सगळं इंग्रजीत. कारखान्याचा वकील चांगला उंच, आवाज मऊ. त्यानं अहवालाचं एक पान उघडून वर धरलं, काहीतरी बोलला आणि खोलीत हसू पसरलं. शास्त्रज्ञ साहेबांनीही ओठ दाबले. मला वाटलं कारखान्याची फजिती झाली. मीही हसलो, मोठ्यानं हसलो, आणि चाचांच्या मांडीवर थाप मारली. चाचाही माझं पाहून हसले.

मॅडमनी वळून माझ्याकडं पाहिलं. तेव्हा माझं हसू जागच्या जागी विरलं.

पुढं त्या बराच वेळ बोलत होत्या. हातातलं पेन एकसारखं उघडत-मिटत होतं. शास्त्रज्ञ साहेबांनी दोन प्रश्न विचारले. न्यायाधीशांनी काही लिहून घ्यायला सांगितलं. लगेच पुढचं प्रकरण पुकारलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"तो म्हणाला, या गावात पाणी चढावर वाहतं."

चाचा एकदा मॅडमकडं, एकदा माझ्याकडं पाहायला लागले.

"अहवालात लिहिलंय," मॅडम हळू, पण प्रत्येक शब्द तोडून म्हणाल्या, "वरच्या विहिरीत रंग फक्त वरच्या थरात आहे. खडकात कुठंही पाझर नाही. आणि विहिरीच्या काठावरून बाहेरच्या बाजूला लाल ओघळ आहेत, कुणीतरी ओतताना सांडल्यासारखे. कारखान्याचा वकील म्हणतो, एक विहीर यांनी रंगवली असेल तर बाकीच्या दोन यांनीच रंगवल्या नाहीत कशावरून? आज आपण मागणार होतो की निकालापर्यंत कारखान्यानं चाचांच्या घराला आणि बागेला स्वच्छ पाणी पुरवावं. ते नाही मिळालं. पुन्हा पाहणी होईल. तोपर्यंत खुलासा द्यायचाय. बबनराव, खुलासा मी काय लिहू?"

मला आयुष्यात इतक्या लोकांनी खोटारडा म्हटलंय, बाजारात तर रोज. कधी मान खाली गेली नाही. तिथं गेली. मी म्हटलं, "मी ओतलं."

चाचा ओरडतील असं वाटलं होतं. ते भिंतीला टेकले. टोपी काढून हातात धरली.

"तू?" ते म्हणाले. "त्या हिरीत? नसीम पाणी भरायची त्या हिरीत?"

"मला ठाव नव्हतं चाचा, खरंच."

"ठाव असतं तर नसतं ओतलं?"

याचं उत्तर मी द्यायला हवं होतं. मला देता आलं नाही, कारण मला स्वतःलाच ते नक्की माहीत नाही.

परतीचा रस्ता

येताना चाचा मागच्या सीटवर बसले. जीपमध्ये दोघंच असताना माणूस मागं बसतो तेव्हा पुढच्याची मान आखडते. ढाब्यावर पिठलं-भाकरी मागवली, ठेचा झणझणीत होता, आमच्याकडच्यासारखा. त्यांनी भाकरीचा चतकोर मोडला आणि तसाच ठेवला.

मी म्हटलं, "चाचा, शिव्या द्या. पण बोला."

"शिव्यानं काय होतंय? घरी नसीमला पाणी मिळंल का?" थोड्या वेळानं म्हणाले, "माझी हीर खरं बोलत होती, बबन. माझ्याकडं दुसरं काय बी नव्हतं. ना वकिली, ना इंग्रजी. एक खरी लाल हीर होती. तू तिच्याशेजारी एक खोटी नेऊन बसवली."

हर्सूलला उतरताना लेकीनं विचारलं, "अब्बा, क्या हुआ?" ते म्हणाले, "तारीख पडी." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो, वरच्या विहिरीवर मोटर बसवायला. पाइप जोडला आणि मॅडमना फोन केला, उपसून टाकतो म्हणून सांगायला.

"कुठं टाकणार?" त्यांनी विचारलं.

"कुठं म्हंजे? नाल्यात."

"मग कारखान्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला?"

मी पाइप हातात धरून उभाच राहिलो. ज्यानं घाण केली त्यानं साफ करायचं, हे खानावळीत ऐकताना मला कारखान्याचा मालक दिसत होता. आता कळलं की हे करायला किती अवघड आहे. दूषित पाणी नेऊन शुद्ध करणारे परवानाधारक लोक असतात, त्यांच्याकडं नंबर लावावा लागतो, ते येऊन तपासतात, मगच टँकर लावतात. त्यांच्याशी मी घासाघीस केली नाही. सांगतील ते मान्य केलं. धंद्यातली माणसं हे ऐकून अजून माझी चेष्टा करतात.

टँकर भरत होता तेव्हा नसीम बांधावरून आली. कंबरेवर रिकामी कळशी.

"शेठ, ह्या वक्ताला काही ओतायचं राहिलंय का? सांगा, म्हंजे आधीच भरून ठेवते."

टँकरवाला फिदीफिदी हसला. मी तिला हात जोडले. ती तशीच उभी राहिली, टँकर जाईपर्यंत. विहीर उपसली तरी नव्यानं झिरपलेलं पाणी तपासून यायचं आहे. तोवर ते कुणी प्यायचं नाही. त्यांच्या घरचं पाणी मी शहरातून जीपनं पोचवतो. चाचा घेतात. बसा म्हणत नाहीत.

लवादापुढं मी माझ्या नावानं सगळं लिहून दिलंय. वरची विहीर मी खराब केली, माझ्या हातानं, कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याची जी काय शिक्षा असेल ती घेईन, कमी करा म्हणणार नाही. मॅडम म्हणतात, यानं आपली बाजू थोडी सावरेल, पुरती नाही.

पण काल नाल्यावर गेलो होतो. झुडपं बाजूला करून पाहिलं. पाइप तसाच वाहतो आहे, पाणी तसंच लाल आहे, आणि चाचाच्या मोसंबीची आणखी एक ओळ वाळली आहे. माझा खोटेपणा सापडला म्हणून कारखाना मोकळा सुटावा, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय? मला चढावर पाणी नेलं म्हणून हसलात, हसा. मी ओतलं, मी कबूल केलं. आता पुढच्या तारखेला त्या कारखान्याच्या मालकानं वकिलाला न पाठवता स्वतः यावं, गफूरचाचांच्या समोर उभं राहावं आणि सांगावं: खालच्या विहिरीत कुणी ओतलं?